अठ्ठावन्न ते सत्तर

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासातला निवृत्त माणूस बहुतेक वेळा सरकारी पेन्शनर नसतो. पुण्या-नाशकात निवृत्त म्हटलं की डोळ्यांपुढं बँक, जिल्हा परिषद, एखादी शाळा येते. इथं मसाट, पिपरिया, खडोली, राखोली ही गावं येतात आणि त्यांच्याबरोबर सुताचे, प्लॅस्टिकचे, तारांचे कारखाने. करसवलतींच्या जोरावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते उभे राहिले, तेव्हा खानदेशातून, नाशिककडून, जव्हार-मोखाड्याच्या बाजूनं पोरं आली. मशिनवर उभी राहिली, आधी खोली, मग फ्लॅट, मग इथंच मुलांची लग्नं. ती पोरं आता अठ्ठावन्नला टेकली आहेत. हातात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन. कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम मात्र नोकरीबरोबर सुटतं, आणि ते सुटलं हे बऱ्याच जणांना पुढच्या दुखण्यात कळतं.

*

ईपीएसचा हिशेब एकदा कागदावर मांडलेला बरा. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. साधारण नोकरदाराचा पगार कितीही असो, धरायचा जास्तीत जास्त १५,०००. योजना नोव्हेंबर १९९५ पासूनची. तेव्हापासून सलग तीस वर्षं धरली आणि वीस वर्षांच्या पुढं नोकरी झाली म्हणून मिळणारी वरची दोन वर्षं मिळवली, तर १५,००० × ३२ ÷ ७०, म्हणजे ६,८५७ रुपये महिना. प्रत्यक्षात एवढेही येत नाहीत, कारण सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांना जुनी ६,५०० ची मर्यादा लागते. किमान पेन्शन १,००० रुपये. ती २०१४ पासून तिथंच आहे.

साठीतल्या जोडप्याच्या विम्याचा हप्ता या रकमेच्या बाजूला लिहून बघावा. कोणती पॉलिसी ‘चांगली’ ही चर्चा मग आपोआप बदलते.

*

आमच्या मजल्यावरचे नाना, वय एकोणसाठ, धरणगावकडचे, सूत कारखान्यातून शिफ्ट सुपरवायझर म्हणून बाहेर पडले. त्यांचा एकच प्रश्न असतो : “सरकारचं पाच लाखाचं कार्ड आहे ना? मग हे कशाला?”

कार्ड आहे, पण नानांना अजून अकरा वर्षं आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ ला ‘आयुष्मान वय वंदना’ सुरू झालं ते सत्तरीच्या पुढच्यांसाठी. उत्पन्नाची अट नाही, आधीच्या आजारांसाठी थांबायचं नाही, आधारवर वय सत्तर दिसलं की झालं. वर्षाला पाच लाख, तेही कुटुंबाला. म्हणजे नवराबायको दोघंही सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून पाच. सत्तरीच्या आतल्यांसाठी २०१८ ची मूळ आयुष्मान योजना आहेच, पण ती यादीतल्या कुटुंबांसाठी. स्वतःचा टू-बीएचके असलेला सुपरवायझर त्या यादीत सहसा नसतो.

तेव्हा अठ्ठावन्न ते सत्तर ही बारा वर्षं. कंपनीचं छत्र गेलेलं, सरकारचं आलेलं नाही, आणि बीपी, शुगर, मोतीबिंदू, गुडघे, अँजिओप्लास्टी हे सगळं नेमकं याच वर्षांत दार वाजवतं. इथल्या माणसाची खरी निवड दोन पॉलिसींमधली नाहीच. ही बारा वर्षं कशी काढायची आणि उपचार कुठं घ्यायचे, एवढंच ठरवायचं असतं. बाकीचं त्यातून निघतं.

*

निवृत्तीच्या आधी करायचं एक काम. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमध्ये जमा धरली जातात. ज्याला दहा वर्षं शुगर आहे त्याच्यासाठी ही जमा म्हणजे सोनं, कारण नवीन पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. (पूर्वी चार होती, १ एप्रिल २०२४ पासून कमाल तीन.) पण हे नोकरीत असताना, महिना-दीड महिना आधी, लेखी मागावं लागतं. एचआरमध्ये बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही. निरोपसमारंभात शाल मिळते, श्रीफळ मिळतं, हा फॉर्म कोणी हातात ठेवत नाही.

*

ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, गंमत बघा. ज्याचा पगार २१,००० च्या आत होता तो ईएसआयमध्ये. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानं निवृत्त झाला की वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि बायकोचा वैद्यकीय लाभ पुढं चालू ठेवता येतो. महिना दहा रुपये! ज्याला बढती मिळाली, पगार मर्यादेबाहेर गेला, तो सुपरवायझर यातून बाहेर. नानांच्या हाताखाली ज्यानं बॉबिन उचलले, त्याच्याकडं आज औषधोपचाराची सोय आहे आणि नाना एजंटांचे फोन घेत बसलेत.

यावर थोडी मलमपट्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. १ एप्रिल २०१२ नंतर कधीतरी ईएसआयमध्ये असलेले, किमान पाच वर्षं भरलेले, आणि १ एप्रिल २०१७ नंतर ३०,००० पर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेले, यांनाही हा लाभ द्यायचं ईएसआय महामंडळानं मान्य केलं. नानांच्या जुन्या पगारपावत्या आता कपाटातून निघाल्या आहेत. २०१२ च्या एप्रिलची सापडली, त्यावर ईएसआयची कपात आहे. शेवटचा पगार किती धरायचा, भत्त्यांसकट की भत्त्यांविना, यावर सगळं अडलंय. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी बाहेर कुठं पाठवतात आणि निवृत्तांना त्यातलं काय मिळतं, हेही शाखेत जाऊन आधीच विचारायचं ठरलंय.

*

पिनकोड ३९६२३०. टपाल गुजरात सर्कलचं, उच्च न्यायालय मुंबईचं, बाजार वापीचा, आणि मोठं दुखणं आलं की मन धावतं मुंबईकडं. इथल्या माणसाच्या विम्यात हा पिनकोड फार महत्त्वाचा.

बऱ्याच कंपन्या देशाचे झोन पाडतात. मुंबई, ठाणे, दिल्लीचा परिसर वरच्या झोनमध्ये. लहान गावं खालच्या. हप्ता पत्त्यावरून ठरतो, म्हणून सिल्वासाच्या पत्त्यावर घेतलेली पॉलिसी मुंबईपेक्षा स्वस्त पडते. एजंट हे हसत सांगतो. तो सांगत नाही ते पॉलिसीच्या मागच्या पानांत असतं : खालच्या झोनच्या माणसानं वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर दहा-वीस टक्के को-पे. म्हणजे चार लाखांच्या बिलात चाळीस ते ऐंशी हजार आपले. काही पॉलिसींत ही अट नसते, काहींत थोडा जादा हप्ता भरून ती काढून टाकता येते.

तेव्हा पहिला प्रश्न हप्त्याचा नाही. रात्री छातीत दुखलं तर गाडी कुठं वळणार? वापी वीस किलोमीटरच्या आत. त्याच्या पलीकडं वलसाड, सुरत. मुंबई जवळजवळ एकशेऐंशी. नरोलीवरून भिलाडला हायवे पकडला तरी घोडबंदरच्या कोंडीचा भरवसा नाही. तातडीच्या दुखण्यात माणूस मुंबईला पोचत नाही. मुंबई असते ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी : गुडघा, कॅन्सर, बायपासचं दुसरं मत. मुलगा डोंबिवलीला असेल तर ते ऑपरेशन मुंबईतच होणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. फॉर्म भरताना तेवढं आठवत नाही.

*

सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलबद्दल बोलताना लोक अजूनही दहा वर्षांपूर्वीचं बोलतात. मधे बरंच बदललंय. २०१९ मध्ये इथं मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ७ मार्च २०२५ ला ४५० खाटांच्या नमो हॉस्पिटलच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. आंतररुग्ण विभाग असलेली सरकारी रुग्णालयं आयुष्मानमध्ये आपोआप येतात, त्यामुळे सत्तरीनंतरच्या माणसाला पाच लाखांचं कार्ड घराजवळ चालवायला जागा आहे.

माझं स्पष्ट मत : सुपरवायझर झालेला मराठी माणूस सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की उगीच नाक मुरडतो आणि त्या नाक मुरडण्याचा हप्ता वर्षाला तीस-चाळीस हजार भरतो. आधी एकदा जाऊन ओपीडीत बसून यावं. कुठले विभाग चालू आहेत, कुठले डॉक्टर कायम आहेत, हे दोन तासांत कळतं. नंतर ठरवावं.

*

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. एजंट दोन्हींना ‘टॉप-अप’च म्हणतात आणि इथं लोक फसतात.

समजा डिडक्टिबल पाच लाखांचं. म्हणजे पहिले पाच लाख कंपनी देणार नाही. जूनमध्ये अँजिओप्लास्टी, बिल चार लाख. डिसेंबरमध्ये पडून खुबा मोडला, बिल तीन लाख. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक दाव्याला वेगळं माप : चार पाचच्या आत, तीनही पाचच्या आत, कंपनीचा हिशेब शून्य. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बेरीज : सात लाख, त्यातले पाच वजा, दोन लाख कंपनी देणार. म्हातारपणी एकच मोठं दुखणं येईल असं थोडंच आहे? बहुधा दोन मध्यम येतात. म्हणून निवृत्त माणसानं साध्या टॉप-अपच्या वाटेला जाऊ नये असं मी सरळ सांगतो.

*

सुपर टॉप-अपच्या खालचे पाच लाख कोण देणार, हा पुढचा मुद्दा. बेस पॉलिसी देईल किंवा खिसा देईल. कंपनीला त्याच्याशी कर्तव्य नाही, खर्च झाल्याची बिलं दाखवायची. बेस पॉलिसी महाग, सुपर टॉप-अप त्या मानानं स्वस्त, म्हणून एक हिशेब नानांबरोबर मांडला.

पीएफमधले पाच लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, पोस्टात. साठीनंतर कोणालाही, आणि वयोमानानं निवृत्त झालेल्याला पंचावन्नपासूनही, मात्र पैसे हातात आल्यावर तीन महिन्यांच्या आत भरायचे. सध्या व्याज ८.२ टक्के, म्हणजे वर्षाला ४१,०००, दर तिमाहीला १०,२५०. या व्याजातून मोठ्या रकमेच्या सुपर टॉप-अपचा हप्ता भरायचा. मुद्दल म्हणजे डिडक्टिबल. दुखणं आलंच तर खातं मोडायचं. वर्षानंतर मोडलं तर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात. दुखणं नाही आलं तर मुद्दल घरातच.

नानांना हिशेब पटला, पण त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, “ते पाच लाख पोरीच्या घराला लागले तर?” लागतील. अशा घरात हा हिशेब टिकत नाही. तिथं लहानशी का होईना बेस पॉलिसी घ्यावी, कारण पॉलिसीतले पैसे जावयाला उसने देता येत नाहीत.

*

सत्तरीनंतर आयुष्मानलाच बेस धरून वर सुपर टॉप-अप ठेवायचा, अशी युक्ती सुचवणारे आता भेटू लागलेत. कागदावर छान दिसते. अडचण अशी की आयुष्मानमध्ये रुग्णालयाला ठरलेलं पॅकेज मिळतं, तेही यादीतल्या रुग्णालयात, आणि रुग्णाच्या हातात नेहमीसारखं बिल नसतं. तिथले पैसे डिडक्टिबलमध्ये मोजतील का? कंपनीकडून हे लेखी आल्याशिवाय धरू नये. फोनवरच्या मुलीचं “हो सर” म्हणजे लेखी नव्हे.

*

ओळखीतल्या एकांनी बिल बघायला आणलं होतं. रुग्णालयाचं नाव नको. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,०००. जनरल वॉर्ड नको, शेअरिंग नको, म्हणून ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. वाटलं, फार तर रोजचे तीन-तीन हजार, पंधरा हजार खिशातून जातील.

खोलीचे ४०,०००. सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं ४०,०००. एकूण दोन लाख. कंपनीनं खोलीचे २५,००० दिले. मग १,२०,००० लाही तेच प्रमाण लावलं, आठास पाच, म्हणजे ७५,०००. औषधांना प्रमाण लागत नाही, ती पूर्ण ४०,०००. झाले १,४०,०००. खिशातून साठ हजार. वरच्या खोलीत डॉक्टरचे हातही महाग होतात, असा त्यामागचा हिशेब. ग्लोव्हज, मास्क, फाइलचे पैसे असं नॉन-पेएबल आणखी वेगळं.

कॅशलेस काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं भरतीच्या वेळी विचारलं होतं, “कॅटेगरी कोणती देऊ?” घरच्यांनी सांगितलं, “चांगली द्या.”

*

एजंट, स्वयंपाकघराशेजारचं डायनिंग टेबल, चहा, टॅबवर फॉर्म. “मधुमेह?” नाना म्हणाले, “आहे की, गोळी चालू आहे.” एजंटचं बोट स्क्रीनवर थांबलं. “लिहू या नको नाना. मेडिकल लागेल, हप्ता वाढेल. तसंही पाच वर्षांनी कोणी विचारत नाही.”

पाच वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. सलग साठ महिने पॉलिसी चालली की त्यानंतर माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि पहिली साठ महिन्यांची वाट तर नानांनाच चालायचीय. औषधांच्या दुकानाची पावती, जुन्या ईसीजीवरचा शेरा, भरतीच्या वेळी नातवानं डॉक्टरला सांगितलेलं “आजोबांना दहा वर्षांपासून शुगर आहे”, हे सगळं केसपेपरवर उतरतं आणि तिथून कंपनीकडं जातं. नातवाला खोटं बोलायला कोण शिकवणार?

फॉर्मवर शुगर लिहिली. एजंट चहा अर्धा ठेवून उठला.

*

गोंधळलेल्या माणसानं तुलनेला ‘आरोग्य संजीवनी’ पुढं ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी विकावी लागते. अटी सगळीकडं त्याच, फरक फक्त हप्त्यात आणि सेवेत. को-पे पाच टक्के. खोलीभाडं विमारकमेच्या दोन टक्के, कमाल ५,०००. आयसीयू पाच टक्के, कमाल १०,०००. मोतीबिंदूला एका डोळ्यामागं विमारकमेच्या पाव हिस्सा किंवा ४०,०००, यातलं जे कमी ते. श्रीमंती नाही, पण लपवाछपवीही नाही. दुसरी कुठली पॉलिसी आली की हिच्या शेजारी ठेवायची आणि विचारायचं, जादा पैशात जादा काय?

शेजारच्या इमारतीतल्या एकांचा भाऊ न्यू जर्सीत पासष्टीचा झाला. तिकडं मेडिकेअरवर पुरवणी विमा घ्यायचा, त्याचे प्रकार अक्षरांनी ठरलेले, आणि एका अक्षराची पॉलिसी कोणत्याही कंपनीची घ्या, लाभ तेच. शिवाय पासष्टीनंतर मेडिकेअरच्या डॉक्टर-खर्चाच्या भागात नाव नोंदलं की सहा महिने खिडकी उघडी : त्या काळात कंपनी तब्येत विचारून नाकारू शकत नाही. आपल्याकडं अशी खिडकी नाही. २०२४ पासून वयाची कमाल अट काढून टाकली खरी, पण तब्येतीवरून नकार द्यायचा हक्क कंपनीकडं राहिला. तिकडं एकाच अक्षराचे वेगवेगळ्या कंपन्यांचे दर बघून निवड होते. इकडं ब्रोशरवरच्या हसऱ्या आजोबांकडं बघून होते.

*

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर तो आहे. निवृत्तांच्या संघटनेमार्फत ग्रुपमध्ये राहणाऱ्यांनी, यात बँकवालेही आले, या वर्षी हिशेब नव्यानं करावा. कंपन्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही म्हणून मूळ हप्ते वर सरकू शकतात, पण ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी विमा नियामक आयआरडीएआयशी बोलावं लागतं, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे.

*

केंद्र सरकारच्या पेन्शनरांचं वेगळं. सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, असलेल्या शहराबाहेर राहणाऱ्याला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता, आणि हवं तर भरतीच्या उपचारांपुरतं सीजीएचएस कार्ड. पेन्शनरानं दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड जन्मभराचं. सीजीएचएसवाल्याला सत्तरीनंतर वय वंदना हवं असेल तर दोन्हींतलं एकच निवडायचं. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआय असणाऱ्याला मात्र दोन्ही चालतात. ही ओळ नानांच्या वहीत मी लाल पेननं लिहून दिली, कारण ‘कार्ड काढलं तर मेडिक्लेम बंद होतो’ अशी अफवा सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा फिरते.

*

गावाकडचं रेशनकार्ड. कित्येकांनी धरणगाव, साक्री, सटाण्याचं रेशनकार्ड अजून जिवंत ठेवलंय. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डधारकांना, आणि २०२४ पासून संरक्षण पाच लाखांपर्यंत. निवृत्तीनंतर गावी कायमचं जायचं ठरलं असेल तर ही बारा वर्षं बरीच सोपी होतात. पण आधार सिल्वासाचं, रेशनकार्ड खानदेशचं, मतदार यादीत दोन्हीकडं, असा कारभार भरतीच्या दिवशी काउंटरवर उघडा पडतो. एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवून पंचवीस वर्षं काढलेल्यांना हा निर्णय नको असतो. घेणं भाग आहे, आणि तो पॉलिसीच्या आधी घ्यावा.

*

तळमजल्यावरचे अण्णा यंदा सत्तरीत गेले. त्यांच्या घरच्या काकू त्रेसष्टच्या. दोघांची मिळून फ्लोटर पॉलिसी, आणि फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्याच्या वयावर ठरतो. अण्णांचं वय वंदना कार्ड निघालं. काकूंना अजून सात वर्षं. म्हणजे ज्याला फुकट कार्ड मिळालं त्याच्या वयामुळे, जिला मिळालं नाही तिचा हप्ता चढलेला.

काकूंनी एका वाक्यात निकाल दिला : “मग यांचं नाव काढा पॉलिसीतून.” अण्णा वर्तमानपत्राआडून म्हणाले, “पॉलिसीतूनच ना?”

हिशेबानं काकू बरोबर आहेत. फक्त रिन्युअलच्या आधी दोन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्यायच्या : काकूंची आजवरची वर्षं आणि बोनस त्यांच्या एकटीच्या पॉलिसीत तसेच राहतील ना, आणि अण्णांना पुढं परत यायचं झालं तर वेटिंग पहिल्यापासून का. दुसऱ्याचं उत्तर बहुधा ‘हो’च येणार. म्हणून अण्णांना काढायच्या आधी, त्यांचा हृदयरोगाचा डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतो ते आयुष्मानच्या यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारून यायचं. आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवरही विचारता येतं, पण यादी बदलत राहते, तेव्हा प्रत्यक्ष गेलेलं बरं. रिन्युअल २० तारखेला. अण्णा शनिवारी वापीला जाणार आहेत, तसंही चष्मा आणायचाच आहे.

*

दावा नाकारला आणि कंपनीकडं लेखी तक्रार करूनही काही झालं नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, वर्षाच्या आत जायचं. दादरा-नगर हवेलीसाठी ते कार्यालय अहमदाबादला. मुंबईला अर्ज पाठवून वाट बघत बसलेले मला माहीत आहेत.